पान उघडेपर्यंत

अकरा जून. ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून मुल्लासरांचे पासवर्ड काढायचं काम हाती आहे. उद्यापासून येऊ नका, असं त्यांना आज दुपारी सांगितलं. एकेक पासवर्ड निघायला वेळ लागतोय, तोवर माणूस कसा होता ते लिहून टाकते.

शाहूपुरीत आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. गिऱ्हाइकं आणणं माझ्याकडे, आणि बनवलेली साइट झटपट उघडते की नाही हे बघणं जमीर मुल्लांकडे. त्यांची एक रीत होती. ज्याने साइट बनवली त्याने त्यांच्या टेबलासमोर यायचं, नेट मुद्दाम मंद केलेला त्यांचा जुना मोबाइल हातात धरायचा आणि पान पूर्ण उघडेपर्यंत उभं राहायचं. बसायचं नाही, बोलायचं नाही. सगळं ऑफिस बघत असायचं.

"पाय दुखत्यात?" ते विचारायचे. "तिकडं डोंगरात मोबाइल घेऊन माणूस असाच उभा असतोय. पावणं दारात हाय, आणि तू रांगोळी काढत बसलीयास."

रांगोळी म्हणजे फोटो. आमच्या गिऱ्हाइकांना साइट हा चौकातला डिजिटल फलकच वाटतो. संस्थापक, अध्यक्ष, झाडून सगळे संचालक, आणि कोपऱ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा. मुल्लासर निम्मे फोटो उडवायचे, उरलेले हलके करायचे. "आमच्या आबांचा फोटो काढला?" असं एकाने दरडावून विचारलं, तेव्हा म्हणाले, "काढला न्हाय. आबांना आत बसवलंय. दारात बसल्यावर माणसानं आत जायाचं कुठनं?"

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "गिऱ्हाईक भांडून जात न्हाय. गप जातंय."

पल्लवी कांबळे आमच्याकडे नवी होती. तिचे वडील चंदगडच्या एका काजू कारखान्यात कामाला. त्याच कारखान्याची साइट तिने बनवली होती. लेकीचं ऑफिस बघायला ते पिशवीभर काजू घेऊन आले आणि नेमकं त्याच वेळी मुल्लासरांनी तिला हाक मारली. मी म्हटलं, "अहो मुल्ला, उद्या करा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पल्लवी मोबाइल धरून उभी राहिली. तिचे वडील खुर्चीवरून उठले आणि टोपी काढून तिच्याशेजारी उभे राहिले. ऑफिसात असंच करतात, असं त्यांना वाटलं असावं.

"पावणं, तुमी बसा. साइट तुमची न्हाय."

"असू द्या की. पोरगी उभी हाय न्हवं."

पान उघडता उघडेना. दोघं उभेच. शेवटी उघडलं, तेव्हा मुल्लासर म्हणाले, "बघितलंसा? तुमच्या लेकीनं तुमास्नी केवढा वेळ उभं केलं." पुढच्या आठवड्यात तिची साइट चटकन उघडली. शाबासकी दिली नाही. काजू मात्र खाल्ले.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, डोकं तर पहिल्यासारखंच होतं, पण जीभ मागे राहिली. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. कुरुंदवाडच्या घरात दिवसभर करायचं काय? "मला... हितंच... ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी ठेवून घेतलं. पण त्यांचं ऐकायला थांबणार कोण? त्यांच्याच हाताखाली सगळं झटपट करायला शिकलेल्या कुणालाच थांबायची सवय नव्हती. मुलं त्यांचं वाक्य अर्ध्यावरून स्वतःच पुरं करायची आणि निघून जायची.

मे महिन्यात एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले. मुलींच्या प्रवेशाचे फॉर्म साइटवर भरायचे होते, आणि पहिल्याच पानावर अध्यक्षांना स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ हवा होता. मुल्लासरांनी हात वर केला. "साहेब... पोरी... गावाकडनं... फॉर्म..."

अध्यक्ष मोबाइल काढून निरोप वाचायला लागले.

"सर म्हणतायत, व्हिडिओ टाकू या," पल्लवी म्हणाली.

त्यांना नेमकं उलटं म्हणायचं होतं. ते तिला माहीत होतं, मलाही. मुल्लासरांनी टेबलावर मूठ आपटली. तोंड उघडं राहिलं, शब्द आला नाही.

"म्हातारं तापट दिसतंय," अध्यक्ष जिन्यात म्हणाले. "मॅडम, पुढच्या टायमाला ह्यास्नी बसवू नका." काम मोठं होतं. साइट व्हिडिओसकट सुरू झाली. फॉर्म गेल्या वर्षीपेक्षा कमी आलेत. तक्रार एकही नाही.

आज दुपारी मी सांगितलं तेव्हा ते "मॅडम... मी..." एवढंच म्हणाले. मी थोडं थांबले. मग म्हटलं, एसटी चुकेल तुमची, उद्या फोनवर बोलू.

बारा जून. सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम" ऐकू आलं, मग नुसता श्वास. गॅसवर दूध होतं. दूध वर आलं, तसा मी फोन ठेवला. मग ऑफिसात जाऊन पल्लवीला त्यांच्या खुर्चीवर बसवलं.