डाव्या पिळाचं सूत

दशरथ गुरुजींच्या खिशाला पेन नसे, टकळी असे. पितळी चकतीची, पोलादी काडीची, राखेने घासून लखलखीत केलेली. बोलताना गुरुजी मधूनच तिच्यावरून हात फिरवायचे. नव्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ आत्ताच कातता कातता उठून आलाय. मलाही तसंच वाटलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी शाळेत हजर झाले तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, कापसाच्या मुलखात आलात. इथं बोटं रिकामी ठेवायची नाहीत." त्या वेळी त्यांची स्वतःची बोटं तपकिरीच्या डबीत होती. पुढे पाच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं, त्यांच्याच ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहिले. पण ती बोटं टकळी फिरवताना मला कधी दिसली नाहीत. टकळी घासायची तीही त्यांची बायको, जमनावहिनी.

महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आणि आमचं जिल्ह्याचं गाव धुळे होतं. प्रकाशा ह्या तीर्थाच्या गावाअलीकडे, तापीच्या काठाला आमचं खेडं. शाळेत लिहिण्या-वाचण्याबरोबर हाताचा एक उद्योग शिकवायचा असा खात्याचा नियम होता, आणि आमच्याकडे उद्योग म्हणजे सूतकताई. खात्याकडून टकळ्या आल्या, त्या गुरुजींनी कपाटात कुलूपबंद केल्या, मुलं मोडतील म्हणून. कातायला कापूस आला, तो त्यांच्या बैठकीच्या लोडात गेला. त्या लोडाला टेकून ते दर शनिवारी दोन तास मला श्रमाची प्रतिष्ठा समजावून सांगत. मध्ये तहान लागली की आतल्या दिशेने नुसतं "पानी" म्हणत. माठ त्यांच्यापासून तीन हातांवर होता.

शाळेत त्यांची भाषा छापील पुस्तकासारखी, घरात पाऊल टाकलं की अहिराणी, आणि वरचा कोणी साहेब आला तर तिसरीच काहीतरी, तुपात तळलेली. एक गोष्ट मात्र कबूल करते. त्यांचं अक्षर अप्रतिम होतं. फळ्यावर सुविचार लिहिला तर दोन-दोन दिवस पुसायला जीव होत नसे. देवाने एवढं अक्षर असल्या माणसाला का दिलं, ह्याचा राग मला अजून येतो.

सूत खऱ्या अर्थाने कातलं जायचं ते त्या घराच्या चुलीपाशी. जमनावहिनीला चार मुलं, एक म्हैस आणि हा नवरा. धाकट्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, चुलीवर डाळ रटरटतेय, आणि डाव्या हाताने टकळी गरगरतेय. डाळ उतू आली की धागा दातांत धरून ती झाकण काढायची. अंगणात मिरच्या वाळत घातल्या की राखणीला बसायची तीही टकळी घेऊन. ती जन्माची डावखुरी. बापाने मारून मारून जेवायला उजवा हात लावला, पण लोणखेड्याला माहेरी लहानपणी ती कातायला शिकली तेव्हा टकळी काही उजव्या हातात बसेना. डाव्या हाताची टकळी उलटी फिरते, त्यामुळे तिच्या धाग्याला पीळही उलटा पडायचा. नुसत्या डोळ्यांना कळत नसे. चिमटीत धरून उकलायला गेलं की कळायचं. बाकीच्यांचं सूत जिकडे उकलतं तिकडे हिचं आणखी घट्ट व्हायचं.

शहाद्याच्या खादीच्या दुकानात सूत दिलं की त्या बदल्यात कापड मिळे. हिला मिळत नसे. दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं, डाव्या पिळाचं सूत दुसऱ्या सुतात मिसळलं की कापड आवळतं. लुगडं हवं असेल तर पुरतं सूत एकदम आण, सगळं तुझंच, मग विणकराकडून वेगळं विणून देतो. ते तिने मनावर घेतलं. हिरालाल हा तिचा एकुलता भाऊ. त्याच्या लग्नात थोरल्या बहिणीने नवं लुगडं नेसून नवरदेवामागे दिवा धरायचा, अशी माहेरची रीत. गुरुजी लुगडं घेतील ही आशा तिने कधीच सोडली होती. म्हणून वेचणी झालेल्या शेतांतून राहिलेली बोंडं गोळा करायची, घरी सरकी काढायची, कातायचं आणि सुताच्या गुंड्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायच्या, असं ती दोन वर्षं करत होती. हिरालालचं लग्न वैशाखात ठरलं. होळी झाली आणि एक दिवस तिने मला डबा उघडून दाखवला. तो गळ्यापर्यंत भरला होता.

"बाई, दिवा धरसू तवय दखज्यात," म्हणजे तेव्हा बघा मला, असं ती म्हणाली. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच महिन्यात उद्योगाची तपासणी आली. वर्दी चारच दिवस आधी पोचली, आणि चौथीच्या वर्गात हातभर सूत नव्हतं. मी काळजीत, गुरुजी शांत. तपासणीच्या सकाळी मी वर्गात गेले तर टेबलावर पांढऱ्याशुभ्र गुंड्यांची रास, प्रत्येक गुंडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर एकेका मुलाचं नाव, त्या मोत्यासारख्या अक्षरात. पाल्याचा वास अजून येत होता. वहिनी धुणं घेऊन नदीवर गेली तेवढ्या वेळात गुरुजींनी डबा रिकामा केला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातल्या टकळीवरून हात फिरवला आणि मुलांना प्रार्थनेला उभं केलं.

साहेब वयस्कर होते, जन्मभर सूत कातलेले. त्यांनी एक गुंडी उचलली, धागा चिमटीत धरला, उकलायला गेले आणि थांबले. मग दुसरी उचलली, मग तिसरी.

"गुरुजी, हे कोणी कातलं?"

"चौथीच्या मुलांनी, साहेब."

"सगळ्यांनी?"

"एकूण एक मुलानं."

"मग तुमचा सगळा वर्ग डावखुरा दिसतो," साहेब म्हणाले.

गुरुजींची पापणीही लवली नाही. म्हणाले, "होय साहेब. मी मुद्दामच डाव्या हातानं शिकवतो. उजवा हात लिहायला मोकळा राहिला पाहिजे."

आयुष्यात मी पुष्कळ थापा ऐकल्या, पण इतकी तयार थाप नाही. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरं का हो, बाई?" माझी नोकरी कच्ची होती. अमळनेरला आई आणि धाकटी बहीण माझ्या पगारावर होत्या, आणि मला कायम करायचं की नाही तो शेरा गुरुजींच्या हातात होता. मी म्हटलं, "हो साहेब." गुरुजींबद्दल लिहिताना माझी लेखणी तिखट होते ते खरं, पण त्यातला काही तिखटपणा ह्या दोन शब्दांचा आहे, हे मला ठाऊक आहे.

"छान. उद्या सकाळी मुलं कातताना पाहीन आणि मग जाईन," असं म्हणून साहेब प्रकाशाला देवदर्शनाला गेले.

आता पंचाईत झाली. पोरांना उजव्या हातानेही येत नव्हतं, तर डाव्याने काय येणार? गुरुजींनी दुपारी मुलांना परत बोलावलं, कपाटातल्या टकळ्या काढल्या आणि घरी जाऊन सांगितलं, "जमना, शाळामा चाल. पोरेसले कातानं शिकाडानं शे." वहिनीचे हात पिठात होते. लग्नानंतरच्या तेरा वर्षांत तिला शाळेत कोणी बोलावलं नव्हतं. तिने हात धुतले, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, ठिगळ आत जाईल असा पदर घेतला आणि माझ्याबरोबर चालत आली. वाटेत मला म्हणाली, "मी अडाणी, आनं मी शिकाडसू." तिचा डबा रिकामा झालाय हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

दोन-तीन मुलांची बोटं टकळीवर बसवून ती टेबलापाशी आली. गुंडी हातात घेतली. धाग्याचं टोक चिमटीत धरून फिरवलं. मग फार हळू मला विचारलं, "आठे काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. "रमण. इयत्ता चौथी."

तिने पहिल्या ओळीत बसलेल्या रमणकडे पाहिलं. "रमणले तर टकळी धरताबी येत नही," ती म्हणाली.

तोवर गुरुजी जवळ आले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "जमना, साहेब सकाय येई. मन्ही नोकरी जाई."

तिने त्या वेळी ती रास पदरात भरून घरी नेली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, असं मी पुढे कितीदा मनात म्हटलं. पण चार पोरांचं पोट त्या नोकरीवर होतं, आणि सकाळी 'हो' म्हणालेल्या बाईने टाळ्यांच्या गोष्टी करू नयेत. तिने गुंडी होती तिथे ठेवली, रमणपाशी गेली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "धर बेटा, आसा." उन्हं उतरेपर्यंत ती शिकवत होती. आवाज एकदाही चढला नाही. इतकं चांगलं शिकवलेलं त्या शाळेत मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही, माझं स्वतःचं धरून.

दुसऱ्या दिवशी मुलांनी कसंबसं कातलं. निम्म्यांचा धागा तुटत होता, दोघांनी विसरून हात बदलला. साहेबांना ते दिसलं नसेल असं नाही, पण नवी पद्धत सापडल्याच्या आनंदात त्यांना पाहायचं नव्हतं. त्यांची बोटं हुशार होती, बाकीचे साहेब चारचौघांसारखेच. त्यांनी झकास शेरा लिहिला आणि सगळं सूत धुळ्याच्या प्रदर्शनासाठी मागून घेतलं. खोका छकड्यात चढवताना गुरुजींनी स्वतः हात लावला. पाच वर्षांत सुताच्या कामाला त्यांचा हात लागलेला मी तेवढाच पाहिला. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "तुन्हं सूत धुळाले गयं. नशीब शे." त्यांना खरोखरच ते तिचं नशीब वाटत होतं. घरातली वस्तू घरच्या माणसाच्या कामी आली, ह्यात गैर काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लबाड माणूस मला परवडतो, त्याला निदान आपण लबाड आहोत हे माहीत असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी माझी एक नवी साडी घेऊन तिच्याकडे गेले. तिने ती हातात घेतली, घडीवरून बोटं फिरवली आणि परत दिली. "दुसरानं लुगडं नेसीसन दिवा धरू का, बाई?" एवढंच म्हणाली. गुरुजी इस्त्रीचा खादीचा कोट घालून, चारही मुलांना घेऊन लोणखेड्याला गेले. घरीच थांबलेली वहिनी आलेल्या-गेलेल्याला सांगत राहिली, "म्हैसले कोन दखी?" लग्नाच्या दिवशी दुपारी, तिकडे अक्षता पडत असतील त्या सुमाराला, ती धुणं घेऊन निघाली. घराचं कुलूप गुरुजींनी पेटीला लावून नेलं होतं. तिने कनवटीची स्वतःची टकळी काढली, दाराला कडी घातली आणि कोयंड्यात ती टकळी खुपसून नदीवर गेली. कुलूप पुढे परत आलं, पण कडीची खीळ म्हणून ती टकळीच राहिली.

गुरुजींना बढती मिळाली. मास्तरांना सूतकताई शिकवायला त्यांना नंदुरबारला नेमलं. ते आठवड्यातून एकदा घरी येत आणि डाव्या हाताच्या पद्धतीवर ओसरीत व्याख्यान देत. त्यांच्यापायी पुढची दोन-तीन वर्षं आमच्या भागातल्या कितीतरी शाळांतली पोरं डाव्या हाताने टकळी फिरवत होती, आणि ते सूत एकही विणकर घेईना. शेवटी खात्याने गुपचूप ती पद्धत बंद केली. गुरुजींना त्याचंही काही वाटलं नाही. "काळाच्या पुढे होतो मी, बाई," असं ते मला म्हणाले होते, तपकीर ओढता ओढता.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं तेव्हा ते गेले. मी तोवर शहाद्याला बदलून आले होते. खेड्यातल्या जुन्या शाळेत शोकसभा झाली. श्रमाचा पुजारी, हाडाचा शिक्षक, सगळं झालं. मलाही बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "गुरुजींचं अक्षर फार सुंदर होतं," आणि खाली बसले. दुसरं काही खरं आठवेना.

सभेनंतर त्यांची तसबीर घरी पोचवायला आम्ही गेलो. दाराच्या कोयंड्यात गंजलेली टकळी तशीच होती. तसबीर भिंतीला लागली, मंडळी पांगली, मी मागे राहिले. तसबिरीला हातकताईच्या सुताचा हार घातला होता. माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्यातला एक धागा चिमटीत धरून उकलला. तो सहज उकलला. उजवा पीळ होता.

जमनावहिनी पाहत होती. "दुकानना शे तो," ती म्हणाली. "मास्तरेसनी आना."

मी तिच्यापाशी बसले आणि इतक्या वर्षांची गोष्ट एकदाची बोलून टाकली. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"माले माहीत शे. रमणनी तवयच सांगं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "पुन्हा कधी कातलंच नाहीत?"

तिने तसबिरीकडे पाहिलं. गुरुजींच्या खिशाला ती घासलेली टकळी फोटोतसुद्धा चमकत होती. मग तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि मला दाखवले.

"दखा बाई," ती म्हणाली. "मन्ही बोटं रिकामी शेतस."