आबांची खडी आन् लेकीचे लाल ठिपके

बायांनो, आज दुपारी शिरूरला लेकीची फुटबॉलची मॅच बघून आले. मॅच संपल्यावर तिचे सर म्हणाले, "ताई, पोरगी एकपण गोल मारत न्हाई. पुढच्या मॅचला बाहेर बसवतो." खरं सांगते, मलापण तेच पटलं व्हतं.

लेकीनं मोबाईल पुढं केला. मैदानाचं चित्र, त्यावर पास जिथून निघाले तिथं लाल ठिपके. "सर, गोल कुणी मारला ते नका बघू. त्याआधी बॉल कुठून निघाला ते बघा." निम्म्याच्या वर ठिपके तिच्याच जागेवर.

मला लहानपणीचं दौंडचं फुटबॉलचं मैदान आठवलं. माझे वडील, आबा, रेषेबाहेर उकिडवे बसायचे. मातीत मैदान आखायचे आन् पास जिथून निघंल तिथं खडी ठेवायचे. रेल्वेच्या रुळाकडंची ती खडी मी परकराच्या ओच्यात आणायची. हाफटाईमला ते खेळणाऱ्यांना दाखवायचे, "खेळ इथून चाललाय रं. ह्याला बॉल द्या."

लोकं हसायची. थोडी मोठी झाल्यावर मीपण म्हणाले, "आबा, बारक्या पोरांसारखी दगडं काय मांडता?" त्यानंतर त्यांनी मला खडी आणायला कधीच सांगितलं न्हाई.

सरांनी बोट ठेवून एकेक ठिपका मोजला. मग म्हणाले, "बरं. पुढच्या मॅचला खेळ."

येताना एसटीत लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आबांनी हे बघायला पायजे व्हतं."

तुमच्या घरात हाय का असं कुणी, ज्यांना तुम्ही हसला आन् तेच बरोबर निघाले? असतील तर आजच सांगा त्यांना. माझं सांगायचं राहिलं.