कल्हईवाल्याचा डाव

दामूचा आवाज थांबला. खालापूरच्या त्या मैदानात सात जणांच्या ढिगाखालून इतका वेळ ‘हुतुतू हुतुतू’ ऐकू येत होतं, ते एकदम बंद झालं. कर्जतचे गडी एकेक करून अंगावरून उठले. दामू उठला नाही. कोणीतरी त्याला उताणा केला. ओठ जांभळे पडले होते.

दामू माझा थोरला भाऊ. मी बांधावर बायकांत उभी होते. मैदानात ही गर्दी, आणि प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणे पाणी मारा, दुसरा म्हणे कांदा आणा, तिसरा म्हणे बाजूला व्हा, आणि स्वतःच होत नव्हता. तेवढ्यात मधल्या रेघेच्या टोकाशी उकिडवा बसलेला एक म्हातारा उठला आणि ओरडला, “चुना कुनाकडं हाय? चुना द्या रं!”

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. माझा भाऊ मरतोय आणि हा तंबाखू मळणार.

तो आमचा कल्हईवाला. खोपोलीत सगळे त्याला चाचा म्हणत. तो काय माणूस होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

चाचाचं घर पनवेलकडे खाडीच्या काठाला. तिथून तो खांद्यावर भाता आणि पोतं घेऊन निघायचा. खोपोली, कुंभिवली, खालापूर, मग कर्जत, असा त्याचा फेरा. खोपोलीला आला की आमच्या दारासमोरच्या चिंचेखाली जमिनीत खड्डा खणायचा, कोळसे घालायचा आणि भाता लावायचा. आम्ही बायका पितळेचे टोप, पातेली घेऊन जायचो. तो आधी ती राखेनं घासायचा, मग निखाऱ्यावर फिरवायचा. टोप तापला की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठायचा. धूर उठला की लगेच कथील लावून कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून काढायचं, की टोप चांदीसारखा. धुराच्या आधी कथील लावलं तर ते धरत नाही. म्हणून कोणी घाई केली की तो म्हणायचा, “थांब रं, अजून धूर नाय आला.”

हे तो कल्हईपुरतं म्हणत नसे. लग्न जमवायला निघालेल्याला म्हणे, भांडायला उठलेल्याला म्हणे, आणि सगळ्यात जास्त हुतुतूबद्दल म्हणे.

हुतुतूला हल्ली कबड्डी म्हणतात. तेव्हा आमच्या खोपोलीतल्या कारखान्याचा संघ होता. चांगला खेळणाऱ्याला कारखान्यात काम मिळे, आणि त्यातला जो फार चांगला, तो कायम होई. बाकीच्यांना आज काम आहे, उद्या नाही. माझा भाऊ खेळामुळेच लागला होता, पण कायम झाला नव्हता. बाप आधीच गेलेला. आई लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जायची. माझं लग्न दामू कायम होण्यावर अडलं होतं. मुलाकडच्यांनी तसं तोंडावर सांगितलं होतं, त्यात लपवायचं काय.

चाचा आयुष्यात कधी हुतुतू खेळला नव्हता. त्याचा एक पाय आखूड होता. पण तो गावोगाव फिरायचा, आणि जिथं गडी सराव करत तिथंच बरोबर भट्टी लावायचा. कर्जतचा कोण डाव्या पायानं मारतो, कोणाचा दम लांब, कोण पकडीला भितो, सगळं त्याला पाठ. खोपोलीत आला की चिंचेखाली मंडळी जमायची. सखाराम न्हावी धोपटी काखेत घेऊनच यायचा. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं मागे यायचं.

मग चाचा डाव मांडायचा. न घासता तशीच ठेवलेली सात काळी भांडी म्हणजे कर्जत. कल्हई झालेली सात पांढरी म्हणजे आम्ही. मध्ये चिमट्यानं रेघ. आमच्या घरचा काठाला पोचा पडलेला लहान टोप म्हणजे दामू.

“ह्यो इथून शिरतो,” चाचा आमचा टोप सरकवायचा. “ही परात मागं सरते. आनि ह्ये पातेलं हाय ना, ह्ये कोपऱ्यातनं पायाला घालतं मिठी.”

“कशाला घालतंय!” सखाराम ती परात उचलून दुसरीकडे आपटायचा. “दामूला आधीच सोडायचा. पयल्या झटक्यात चार बाद.”

“थांब रं, अजून धूर नाय आला.”

“तुझ्या धुराची कटकट! चढाई हाय ही, कल्हई नाय!”

आम्ही बायका बाजूला उभ्या. परात माझ्या शेजारणीची होती. ती म्हणायची, “चाचा, तुमचं कर्जत जिंकू द्या नाय तर हरू द्या, माज्या परातीला पोचा आला तर मी काय तुमाला सोडायची नाय.” एकदा तिचं पातेलं अर्धंच पांढरं होऊन घरी आलं. ती भांडायला गेली तर चाचा शांतपणे म्हणाला, “वैनी, ते राखीव होतं. वाद मिटला की करतो.” वाद मिटायला तीन दिवस लागले. तोपर्यंत तिनं आमटी आमच्याकडून नेली.

पुढे दुसरं महायुद्ध पेटलं आणि कथील मिळेना. चाचा अर्धं काम करायचा आणि उरलेला वेळ डाव मांडायचा. मंडळी खूश. घरी भांडी काळी.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर खालापुरात शेवटचा सामना ठरला. आमचा कारखाना आणि कर्जत. कारखान्याचे साहेब स्वतः बघायला येणार आणि जिंकले तर दोघांना कायम करणार, असं कप्तानानं सांगितलं. त्यात एक नाव दामूचं, हे सगळ्या खोपोलीला माहीत होतं.

आणि दामूला हिवताप लागला. एक दिवसाआड सकाळी थंडी भरायची. दोन घोंगड्या घालून मी वर बसायची, तरी खाट वाजायची. दुपारनंतर घाम फुटायचा आणि ताप उतरायचा, पण अंगात काही ताकद राहायची नाही. दामूनं मला आणि आईला शपथ घातली. आजारी गडी संघात ठेवत नाहीत, आणि संघातून गेला की कामावरूनही गेला. आम्ही गप्प बसलो.

चाचाला मात्र कळलं. टोप न्यायला मी गेले, तर त्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं, “दामूची थंडी आज का उद्या गं?”

मी म्हटलं, “कसली थंडी?”

“उन्हात घोंगडी कुनी वाळत घालतं का, पोरी? तीबी घामेजलेली.”

मग सांगावंच लागलं. त्यानं बोटांवर दिवस मोजले. सामना नेमका थंडीच्या दिवशी येत होता. दामूला न खेळवावं असं तो म्हणाला. मी सरळ म्हटलं, खेळला नाही तर आम्ही खाणार काय? त्यानं भात्याचे दोन झटके मारून निखारा फुलवला. मग म्हणाला, “कुनाला सांगत नाय मी. पन माजं ऐकायचं त्यानं.”

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली त्यानं पोचा पडलेला टोप सगळ्यांच्या मागे, कोपऱ्यात ठेवला. “दामूनं चढाई करायची नाय. मागं उभा ऱ्हाऊन पकड करायची. लई झालं तर येकच चढाई, शेवटाला.”

मंडळी चवताळली. सगळ्यांत चांगला गडी आणि कोपऱ्यात! का, ते चाचानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दामूचं काम गेलं असतं. सखाराम तोंडाला येईल ते बोलला. “कर्जतवाल्यांनी काय खायला घातलं रं तुला? का त्यांची भांडी जास्त हायेत तुझ्याकडं?”

चाचा एवढंच म्हणाला, “अजून धूर नाय आला.” कप्तान त्याला मानायचा, म्हणून तो डाव ठरला. पण त्या दिवसापासून सखारामनं चाचाशी बोलणं टाकलं.

सामन्याच्या दिवशी मैदान खळ्यासारखं चोपून सारवलं होतं. सकाळी दामूला थंडी भरून गेली होती. दुपारी तो माझ्यासमोर उठून उभा राहिला तो भिंत धरून. तरी तो गेला, आणि मी जाऊ दिलं.

बराच वेळ चाचाचा डाव चालला. दामू कोपऱ्यात उभा राहून पायाला मिठी घालायचा आणि बाकीचे वर पडायचे. त्यानं दोघांना धरलं. पण शेवटी शेवटी कर्जत एका गुणानं पुढे गेलं. सखारामनं टोपी काढून ओरडायला सुरुवात केली, “दामू! दामू!” मग सगळं मैदान ओरडायला लागलं. साहेब खुर्चीतून उठून बघत होते. दामूनं बांधाकडे बघितलं. रेघेच्या टोकाला बसलेला चाचा दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता.

आणि मी ओरडले, “जा रं दामू!”

खोटं कशाला सांगू. तीच मी. ताप माहीत असलेली.

दामू गेला. एकाला शिवला, फिरला आणि पकडला गेला. दम सोडला असता तर नुसता बाद झाला असता. त्यानं सोडला नाही. सात जणांना अंगावर घेऊन रेघेकडे इंच इंच सरकत राहिला. पुढचं तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं.

चाचा चुना मागत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. सखारामनं ऐकलं. त्यानं कमरेची चंची काढून चुन्याची डबी फेकली. चाचानं बंडीच्या खिशातून नवसागराची पुडी काढली, तळहातावर दोन्ही घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि ओंजळ दामूच्या नाकावर धरली. असा काही वास सुटला की शेजारी उभे होते ते डोळे पुसत मागे सरले. चाचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर दामूच्या नाकावर.

एकदा केलं. काही नाही. दुसऱ्यांदा चोळलं. मी बांधावरून उतरून गर्दीच्या कडेशी आले होते.

तिसऱ्यांदा दामूची नाकपुडी हलली. मग त्यानं मान झटकली, मोठा श्वास घेतला, खोकला आणि चाचाच्या बंडीवर ओकला.

“आला,” चाचा म्हणाला. “आला रं.”

मी तिथंच मातीत बसले. रडले वगैरे नाही.

आता आमच्या माणसांची तऱ्हा बघा. दामूनं डोळे उघडले आणि लगेच वाद सुरू झाला. दम तुटायच्या आधी त्याचा हात रेघेला लागला होता की नाही? लागला असेल तर आम्ही जिंकलो. पंच दोघंही ढिगाच्या पलीकडच्या बाजूला होते. रेघेच्या अगदी जवळ होता तो एकटा चाचा. दोन्ही गावांची भांडी त्याच्याकडे, दोन्ही गावांचा त्याच्यावर भरवसा. पंचांनी त्यालाच विचारलं.

सखाराम हात जोडून उभा. एक ‘हो’ म्हटलं की दामू कायम, माझं लग्न, कारखान्याचा मान, सगळं होत होतं.

चाचा म्हणाला, “मी हात नाय बघितला. आवाज बसत चालला तवापासून मी नाक शोधत हुतो.”

पंचांनी कर्जतला विजयी ठरवलं. सखारामनं टोपी जमिनीवर आपटली, मग उचलली आणि झटकून चाचाच्या बंडीवरची घाण त्या टोपीनंच पुसली.

दामूनं पडल्या पडल्या विचारलं, “चाचा, गेलो का मी रेघेपार?”

“नाय गेलास,” चाचा म्हणाला. “बरं झालं नाय गेलास.”

तापाचं मात्र आता उघड झालं. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण साहेबांनी दामूला कारखान्याच्या कंपाउंडरकडे पाठवलं. लढाईमुळे बाजारात मिळत नव्हतं ते हिवतापाचं औषध, कोयनेल, तिथं मिळालं. कडू म्हणून तो थुंकायला बघायचा. मी नाक दाबून गिळायला लावलं. ताप गेला. काम गेलं नाही. पुढच्या वर्षी तो कायम झाला आणि माझं लग्न त्याच मुलाशी झालं. एवढी लपवाछपवी केली नसती तर कोयनेल आधीच मिळालं असतं. पण हे आम्हाला कोण सांगणार?

चाचा त्यानंतरही येत राहिला. सखाराम त्याच्या मिशा फुकट कातरायचा आणि कातरताना दर वेळी विचारायचा, “खरं सांग, लागला हुता ना हात?” कात्री नाकाखाली असल्यामुळे चाचाला उत्तर देता यायचं नाही. मला वाटतं, सखाराम म्हणूनच तेव्हा विचारायचा.

पुढे घरोघर जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही. चाचाचा फेरा वर्षातून एकदा झाला, मग एका वर्षी तो आलाच नाही. पनवेलकडून येणाऱ्या एकाकडे विचारलं, तर म्हातारा घरीच, अंथरुणात गेला म्हणाला. चिंचेखालचा खड्डा बरीच वर्षं होता. पोरं त्यात गोट्या खेळायची.

पोचा पडलेला टोप माझ्याकडे आहे. आत कल्हई उरलेली नाही, त्यामुळे त्यात काही शिजवत नाही.

त्या मैदानावर होते त्यांतले बहुतेक गेले. कप्तान गेला, सखाराम गेला. दामू आहे. पलीकडच्या खोलीत झोपलाय, घोरतोय.