कोळंबीतला काळा दोरा

तेलात लसूण करपायला लागली की मला शारजातलं ते नूडल्सचं दुकान आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. शुक्रवारी तासभर रांगेत उभं राहिल्यावर टेबल मिळालं होतं. कोळंबीच्या नूडल्सचे वाफाळते वाडगे समोर आले. मी काटा उचलला, तोच आई म्हणाली, "थांब, यांनी दोरा काढलेला नाही."

मग तिनं आधी माझ्या, मग बाबांच्या वाडग्यातली एकेक कोळंबी उचलून नखानं तिची पाठ चिरली आणि काळा दोरा ओढून टिश्यूवर ठेवला. रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती. बाबांनी मेन्यूत तोंड खुपसलं.

"आई, प्लीज! इट्स गेटिंग कोल्ड!"

"पोट बिघडलं की मलाच निस्तरावं लागतं."

नूडल्सचा लगदा झाला. तिचा स्वतःचा वाडगा तर शेवटपर्यंत तसाच होता, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

काल पुण्यात आईसाठी तसेच नूडल्स मागवले. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून मीच तिच्या कोळंब्यांच्या पाठी चिरायला बसले. तिसऱ्या कोळंबीला आईनं वाडगा स्वतःकडे ओढला.

"अगं, बास की आता! गार झालं सगळं!"