एका पकडीत दोन थेंब

फुलाबाईच्या मुठीतून कोंबडीचं पिल्लू निसटलेलं हरसूलमध्ये कुणी बघितलं नव्हतं. डाव्या मुठीत पिल्लू, उजव्या हातात लशीची बाटली, डोळ्यात एक थेंब, की पुढचं. नवरा गेल्यापासून ती भाच्याच्या, योगेशच्या पोल्ट्रीवर राबायची आणि शेडमागच्या खोलीत राहायची. त्या खोलीखेरीज जगात तिला आसरा नव्हता, आणि तो मेला योगेश तिला ते विसरूही द्यायचा नाही!

मेव्हणीच्या लग्नाला येवल्याला जायची त्याला घाई. "आत्या, सर्दीची अन् मानमोडीची, दोन्ही लशी आजच उरक."

"अरे, मधी दहा दिस सोडा, डॉक्टर बोलले व्हते."

"थेंबच तर हाय! पाखरं दोनदा कोण धरत बसणार? जमत नसंल तर खोली खाली कर."

फुलाबाईनं दोन्ही बाटल्या काढल्या. दोन हजार पिल्लं, एका पकडीत दोन थेंब. संध्याकाळी बोटं वळत नव्हती.

महिन्याभरात मानमोडी आली. पाखरं माना पिरगाळून गोल फिरायची, पाय झाडत पडायची. मेलेली पाखरं फुलाबाई घमेल्यानं उचलायची, तडफडणारी स्वतःच्या हातानं संपवायची. योगेशला म्हणे ते बघवत नसे. बघवत नसे!

नाशिकहून डॉक्टर आले, लशींच्या तारखा बघितल्या. म्हणाले, "दोन्ही लशींत विषाणू जिवंतच असतात, फक्त दुबळे. दोघांनाही श्वासनळीच्या त्याच पेशी लागतात. सर्दीवाल्यानं त्या बळकावल्या, मानमोडीवाल्याला वाढायला जागाच उरली नाही. न वाढलेली लस म्हणजे नुसतं पाणी. एकाच दिवशी कुणी दिल्या?"

"मी येवल्याला होतो, साहेब," योगेश म्हणाला. "सगळं आत्याच बघते."

खरं फुलाबाईच्या जिभेवर आलं होतं. पण खरं बोलून निजायचं कुठं? आपण याची अब्रू राखली तर हा आपली खोली राखील, असं त्या भाबडीला वाटलं.

"माझीच चूक, साहेब. मलाच घाई झाली."

डॉक्टरांची गाडी गेली, तसा योगेश तिच्या खोलीत शिरला अन् तिचं गाठोडं घेऊन बाहेर आला.

"अरे, तूच बोल्ला व्हतास ना!"

"आता कोण मानील? डॉक्टरांपुढं तुझ्याच तोंडानं कबूल केलंस."

शेडमध्ये अजून पाखरं तडफडत होती. तिकडं न बघताच तो म्हणाला, "जायच्या आधी तेवढी संपवून जा."

फुलाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि ती आत गेली.