मंठ्याचा सोहेब, जिंतूरचा नऊ नंबर

मंठ्यात मेनरोडला गयासोद्दीनचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. आत सगळं मऊ. कापसाचे ढीग, उशा, अर्ध्या भरलेल्या गाद्या. अशा घरात जन्मलेला माणूस आयुष्यभर निवांत बसायला हवा होता. पण चाचांचा सोहेब कधी बसलाच नाही. जेवतानाही त्याचा गुडघा हलायचा. "इस के पाँव में क्या है, अल्लाह जाने," असं त्याची आई सुगराबी म्हणायची आणि ताटातला रस्सा सांडू नये म्हणून ताट जरा लांब सरकवायची.

सतराव्या वर्षी तो फुटबॉलच्या मागं गाव सोडून गेला. आधी मुंबई, मग गोवा, मग कोलकाता, मग केरळ. क्लब बदलले, काम एकच राहिलं. स्ट्रायकर. पुढं उभं राहायचं आणि गोल मारायचा. या कामाची एक गंमत आहे. स्ट्रायकर पुन्हा पुन्हा चुकतो आणि एकदा लागला की लोक त्याला खांद्यावर घेतात. चुकणं हा त्याचा हक्क असतो. बाकी हक्काचं काही नसतं. करार एका हंगामाचा, आणि दर उन्हाळ्यात फोनकडं बघत बसायचं. आम्हाला हे कुठं ठाऊक? आम्ही पाव्हण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगायचो, आमच्या गावचा एक जण नुसता बॉल खेळून घर चालवतो.

यंदा तो बत्तीस वर्षांचा झाला आणि फोन आला नाही. उन्हाळ्यात आलेला सोहेब दिवाळी सरली तरी दुकानातच होता. सकाळी शेगावच्या रस्त्यानं पळून यायचा, दुपारी उशा शिवायला बसायचा, दोन टाके घालून उठायचा. दारात जायचा. परत यायचा. चाचा एकदा म्हणाले, "बेटा, एवढं फिरण्यात तू जालन्याला जाऊन आला असतास."

हिवाळ्यात गावाची टूर्नामेंट जवळ आली. संघ उभा करायचा तो भुजंग. भुजंगचं खत-बियाण्याचं दुकान समोरच. तोच कप्तान, तोच गोलकीपर, शाळेपासून सोहेबचा दोस्त. रोज चहाला यायचा. कापसाचा भाव बोलायचा, मैदानावर रोलर फिरवल्याचं सांगायचा, पण 'तू खेळशील का' हे काही विचारायचा नाही. सोहेब वाट बघायचा. म्हणायचा मनात, क्लबांनी सोडलं, आता गावानंही सोडलं.

अशात जिंतूरहून मोटारसायकलवर बुद्धभूषण सर आले. त्यांच्या शहराचा संघ ते सांभाळतात. अर्ध्या भरलेल्या गादीवर बसून त्यांनी सरळ विचारलं, "सोहेबभाई, आमच्याकडून पुढं खेळाल का? तुमच्यासारखा माणूस मिळाला तर पोरं शिकतील."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. सोहेबनं त्यांचा हात हातात घेतला. "जबान दिली, सर."

त्याच संध्याकाळी भुजंग आला. हातात निळी जर्सी. पाठीवर नऊ नंबर, त्यावर सोहेबचं नाव छापलेलं.

"घालून बघ. ढिली आसंल तर परवापर्यंत बदलून देतो म्हणला छापणारा."

सोहेबनं छापलेल्या नावावरून बोट फिरवलं. "भुजंग, तू तर इचारलंच न्हाई मला."

"तुला काय इचारायचं? मी काय सुगराबीचाचीला इचारून जेवायला बसतो का?"

"मी जिंतूरला जबान दिली. आजच."

भुजंगनं जर्सीची घडी घातली. बराच वेळ घातली. चाचा सुई थांबवून म्हणाले, "जबान दी तो दी." भुजंग म्हणाला, "बराबर हाय, चाचा," आणि चहा न घेता गेला.

फायनलला हेच दोन संघ आले. सारं गाव मैदानावर. सोहेब पिवळ्या जर्सीत उतरला तसा एक जण ओरडला, "ओ जिंतूरकर, येष्टीनं आलते का पायी?" दुसरा म्हणाला, "गप ए. खाल्ल्या मिठाला जागतो का न्हाई बघ. मुद्दाम भायेर मारंल तो."

हे सोहेबनं ऐकलं. पंधरा वर्षांत तो कितीतरी वेळा चुकला होता, कुणी काही म्हणालं नव्हतं. आज चुकला तर गाव टाळ्या वाजवणार होतं आणि जिंतूर म्हणणार होतं, विकला गेला. दिलेल्या जबानीला काही अर्थ उरणार नव्हता.

आणि तसंच झालं. उत्तरार्धात डावीकडून पास आला. सोहेब वळला आणि जमिनीलगत सणसणीत मारला. बॉल खांबाला चाटून बाहेर गेला. मंठ्याकडून टाळ्यांचा कडकडाट. "शाब्बास, सोहेबभाई, ठेवली गावाची याद." जिंतूरकडून कुणीतरी थुंकलं. बुद्धभूषण सर दुसरीकडं बघू लागले.

सोहेब रेफ्रीकडं धावला. "सर, कॉर्नर आहे. कीपरचा हात लागला."

"मला न्हाई दिसला. गोल किक. बॉल मंठ्याचा."

"नाटक करून राह्यला," लोक हसले.

भुजंगनं बॉल किकसाठी ठेवला. त्याच्या पुढचा बचावाचा गडी हरिओम म्हणाला, "मार, दादा, जल्दी." भुजंगनं दोन पावलं मागं घेतली. टाळ्या अजून चालूच होत्या. त्यानं बॉल परत उचलला आणि रेफ्रीपुढं जाऊन उभा राहिला.

"सर, कॉर्नर द्या."

"दादा, येडे झाले का?" हरिओम धावत आला.

"बोट लागलंय माझं. आख्खा उडलोय मी, खांदा निघायची पाळी आल्ती. जिंदगीत असा बॉल काढला न्हाई, आन् ही मंडळी टाळ्या त्याला देऊन राह्यली."

रेफ्रीनं एकदा भुजंगकडं पाहिलं, एकदा सोहेबकडं. विरुद्ध बाजूचे दोघं एकच गोष्ट मागत होते. त्यानं कोपऱ्यातल्या झेंड्याकडं हात केला.

कॉर्नर आला. सोहेब बॉक्समध्ये एका जागी उभा नव्हताच. डावीकडं गेला, हरिओमला मागं ओढून नेलं, झटकन उजवीकडं फिरला आणि उडी घेतली. डोक्याचा फटका. भुजंगनं पुन्हा आख्खं अंग फेकलं, पण बॉल त्याच्या बोटांवरून जाळ्यात गेला.

जिंतूरची पोरं सोहेबवर पडली. त्यानं एकेकाला बाजूला केलं आणि जाळ्यापाशी गेला.

"झालं समाधान?" हरिओम भुजंगला म्हणत होता. "सोताच्या हातानं गोल दिला तुम्ही."

भुजंग कपड्यांवरची माती झाडत उठला आणि लोकांकडं तोंड करून म्हणाला, "बघितलं का, हा कसा मारतो ते? मंग पहिला कोणी काढला?"

सोहेब म्हणाला, "कडक काढलास. मी तो गोल धरूनच चाललो होतो."

"मंग." भुजंगनं बॉल मध्यरेषेकडं लाथाडला, हातमोजे दातांनी घट्ट ओढले आणि ओरडला, "हरिओम, इकडं काय बघतो? त्याला चिकटून राह्य. तो आता परत येतोय."