बघून घ्यायची गाभण गाय

एका गाईभोवती आम्ही चाळीस भावी डॉक्टर. मागच्या रांगेतून मला गाईचं फक्त शेपटीचं टोक दिसतं, तेही तिनं माशी हाकलली तर. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून मी सकाळपासून उभी आहे. आत घामाचं एवढं तळं साचलंय की त्यात म्हैस डुंबेल. गाईच्या आत दंडापर्यंत हात घालून सर म्हणतात, "हे वासराचं डोकं. नीट बघून घ्या!"

काय बघायचं? मला दिसतो तो सरांचा शर्ट. गाभणपण चाचपूनच कळतं. काही विद्या भाकरी थापण्यासारख्या बोटांतच राहतात; नुसती बघून कुणाची भाकरी फुगलीय?

दोघांनी हात घातला आणि गाय वैतागली. बरोबरच आहे, एकटीनं किती जणांना शिकवावं! उरलेल्या अडतिसांच्या वह्यांवर सही झाली : 'स्वतः केले.'

गाईची मालकीण माझ्यापाशी आली.

"डॉक्टरीणबाई, कितवा म्हैना हाय वो?"

"सर सांगतील, मावशी."

"अन् आमच्या गावाला तुमी एकल्याच आलाव तर?"

चार महिन्यांनी पदवी घेऊन मी गावोगाव एकटीच जाणार आहे.